आवरायला घेतलंय

३ ऑक्टोबर, गुरुवार

बटणवाले दुकान बंद करताहेत. आधी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या चहावालीने सांगितलं, मग खुद्द बटणवाल्यांनी दुजोरा दिला. दोन सूत्रं झाली. मी मंत्र्यांच्या राजीनाम्यालाही कधी याहून जास्त मागितली नाहीत.

‘पिशवी’ हा माझा रविवारचा स्तंभ बावीस वर्षं चालू आहे. शहरातल्या कुठल्या बाजारात काय चांगलं मिळतं, एवढाच त्याचा विषय. लेख गुरुवारी पाचच्या आत द्यायचा, आणि बावीस वर्षांत एकही गुरुवार चुकलेला नाही. आज चुकणार होता. झाडूंवर लिहायचं म्हणून निघालो, तर झाडूवाल्याने तोंडच उघडलं नाही. बायकोशी भांडून आला असावा. दोन वाजले तरी हातात काही नव्हतं, म्हणून कापडबाजारामागच्या बटणांच्या गल्लीत शिरलो.

चहावाली म्हणाली, “बटणवाल्यांकडे जाऊ नका आज. आवरताहेत ते. कालपासून.”

गेलो. ते स्टुलावर उभे होते आणि माळ्यावरची खोकी खाली गल्लीत मांडलेली. त्यांच्या प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतलं एक एक बटण शिवलेलं असतं, उघडून बघायला नको म्हणून. ती दोन-तीनशे बटणं एकदम माझ्याकडे बघताहेत असं वाटलं.

“हे काय चाललंय?”

“आवरायला घेतलंय,” ते वरूनच म्हणाले. “किती वर्षं म्हणत होतो, मन होत नव्हतं.”

“सगळं?”

“सगळंच. अर्धवट आवरून भागतं होय?”

“वाईट नाही वाटत?”

“वाईट काय त्यात? धूळ लई बसते, पाठ दुखते. एकदा हात घातला की होतं.”

“आणि पुढे?”

“पुढे काय, हातपाय धुवायचे आणि घरी जायचं.”

असं साधं बोलणारी माणसं आता कुठे राहिलीत. कचेरीत येऊन एका बैठकीत लेख संपवला. साडेचारलाच दिला. माझ्या कोटाचं बटण उन्हाळ्यापासून त्यांच्याकडे पडून आहे, त्याचं विचारायचं राहिलंच. दुकान मोडायच्या गडबडीत त्यांना कुठे ते शोधायला लावायचं, म्हणून बरंच झालं.

सकाळी संपादकबाईंचा फोन आला होता हे लिहायचं राहिलं. “सर, जानेवारीपासून पान नव्याने लावतोय, तेव्हा एकदा बसू.” बसू म्हणजे काय ते कळायला मी नवा नाही. मला विशेष काही वाटलं नाही. बावीस वर्षं पुष्कळ झाली.

६ ऑक्टोबर, रविवार

लेख छापून आला. मथळा ‘शेवटचं बटण’. त्यांनी माझं एक वाक्यही कापलं नाही, असं पूर्वी फार क्वचित झालंय.

हिने चहा घेता घेता मोठ्याने वाचला. मध्येच थांबली.

“‘माणूस उठला की खुर्चीतला खळगा तेवढा मागे उरतो, आणि तोही दोन दिवसांत भरून येतो.’ हे बटणवाल्यांचं आहे?”

“मग कुणाचं?”

“त्यांच्याकडे खुर्ची कुठाय? स्टूल आहे.”

लिहिण्यात थोडं इकडेतिकडे होतं हे तिला इतक्या वर्षांत पटवता आलेलं नाही. मग म्हणाली, “अहो, संपादकबाई काय म्हणाल्या गुरुवारी?” मी म्हटलं, काही नाही, पान बदलताहेत. ती पुढे वाचत राहिली, पण मोठ्याने नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

एकशे चाळीस पत्रं. कचेरीतल्या पत्रं उघडणाऱ्या मुलीने आकडा दिला, संपादकबाईंनी स्वतः फोन करून सांगितला. एका वाचक बाईंनी आपल्या लग्नातल्या पोलक्याची बटणं तिथलीच होती म्हणून तीन पानं लिहिलीत. एका निवृत्त शिक्षकांनी कविता पाठवलीय. ती वाईट आहे, पण डोळे भरून आले असं त्यांनी खाली लिहिलंय.

“सर, तुमच्यात हे होतं तर इतकी वर्षं आम्हाला चाळण्या आणि पायपुसणी का दिलीत?” बाई म्हणाल्या.

चेष्टाच होती. तरी फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत राहिलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गल्लीत गेलो. लेखाचा एक अंक बटणवाल्यांना द्यावा म्हणून घडी न मोडता नेला होता.

दुकानापुढे लोकांची रीघ. आठवण म्हणून एक एक बटण मागत होते. एक जण पाटीखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढत होता. बटणवाले नेहमीसारखे स्टुलावर, दोरीने बांधलेला चष्मा नाकावर. मागचा माळा नीट लावलेला, खोकी आपापल्या जागी. 

“या पेपरवाले,” ते म्हणाले. “आमचं दुकान बंद होतंय म्हणे. तुम्हाला कधी कळलं? मला रविवारी कळलं.”

“तुम्हीच म्हणालात ना, आवरायला घेतलंय.”

“माळा आवरत होतो. माळा. धूळ खालीच उतरते ना, वर थोडीच जाते? ती दिसली नाही तुम्हाला?”

“पण सगळंच म्हणालात.”

“मग? अर्धा माळा आवरू?” त्यांनी समोरच्या बाईंना सहा हिरवी बटणं मोजून दिली. “एक वस्तू सापडत नव्हती, म्हणून काढलं सगळं. तेवढ्यात तुम्ही आलात. वाईट वाटतं का म्हणून विचारलंत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माळा झाडताना वाईट वाटतं का, असं कोण विचारतं?”

मी म्हटलं, “खुलासा छापतो. लगेच.”

“छापा बाबा. हे लोक चार दिवसांनी जातील. माझे शिंपी येईनासे झालेत त्याचं काय? आता इथून न्यायचं आणि पुढच्या महिन्यात तसलंच बटण संपलं तर आणायचं कुठून, असं म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. आणि गाळ्याच्या मालकीणबाईंच्या कानावर जायच्या आत छापा. त्यांचा-माझा कागद नाही. तीस वर्षं नुसत्या बोलण्यावर बसलोय.”

अंक तसाच परत आणला.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज छत्री दुरुस्तीवरचा लेख आला. तो गेल्या गुरुवारीच दिला होता, त्यामुळे त्यात खुलासा घालणं शक्य नव्हतं.

आतल्या पानावर चार ओळी कुठल्याही दिवशी टाकता आल्या असत्या, हेही खरं. पण तसल्या ओळी कोण वाचतं? त्यापेक्षा पुढच्या लेखात, नीट मांडणी करून, थोडं स्वतःवर हसून लिहावं. ते जास्त प्रामाणिक होईल. या गुरुवारी नक्की.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

संपादकबाईंनी बोलावलं होतं. खुलासा खिशात घेऊन गेलो.

‘पिशवी’ चालू राहणार. जानेवारीपासून अर्धं पान. त्यांना मालिका हवीय, शहरातली बंद होणारी जुनी दुकानं, दर रविवारी एक. “नाव तुम्हीच सुचवा सर. आणि पहिल्या लेखासारखंच हवं. लोक रडले पाहिजेत.”

मी म्हटलं, दर आठवड्याला एक दुकान बंद पडेलच असं नाही. त्या हसल्या. “शोधलं की सापडतं.”

खुलासा खिशातच राहिला. घाईत लिहिलेला होता, भाषाही जमली नव्हती. त्यांच्या इतक्या उत्साहात तो काढणं बरं दिसलं नसतं. सोमवारी फोन करून सांगतो.

घरी येताना हिच्यासाठी ती नेहमी घेते ती द्राक्षं घेतली. “काय झालं?” तिने विचारलं. स्तंभ राहिला म्हटल्यावर खूश झाली. मग म्हणाली, “आणि त्यांचं दुकान राहिलं हे सांगितलंत ना?”

सांगतो म्हटलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बटणवाल्यांना पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत गाळा सोडायला सांगितलंय. बातमी चहावालीची. दुजोरा गाळ्याच्या मालकीणबाईंचा, फोनवर.

त्यांनी मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला शब्द दिला आहे. शुक्रवारी दिला. म्हणजे अठरा तारखेला. मी सतराला कचेरीत होतो.

आज हिने दोनदा जेवायला हाक मारली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मालकीणबाईंकडे जाऊन आलो. गल्लीच्या पलीकडे दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. ऐंशीच्या असतील. कानाला कमी येतं, पण डोळे तेज. मी नाव सांगण्याआधीच म्हणाल्या, “पिशवीवाले ना? फोटोत केस जास्त आहेत तुमचे.”

मी सांगितलं. आधी हळू, मग त्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने. आपली चूक ओरडून सांगावी लागते तेव्हा ती अगदी वेगळी ऐकू येते.

“दर महिन्याला येतात ते,” त्या म्हणाल्या. “त्या खुर्चीत बसतात. माझ्या उशांच्या अभ्र्यांना बटणं लावून देतात. इकडचं तिकडचं बोलतात. आणि जायचं ठरवलं तर मला नाही सांगितलं, पेपरला सांगितलं. वाचून दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.”

“त्यांनी सांगितलंच नव्हतं. मी ऐकण्यात चुकलो.”

“तुम्ही कशाला चुकाल? तुमच्या सांगण्यावरून मी सुऱ्या घेतल्या, गाद्या करून घेतल्या. एकही खराब निघाली नाही.”

“या वेळी चुकलो.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “कधी कळलं तुम्हाला?”

“अकरा तारखेला.”

“मग मधले दिवस काय करत होता?”

मी लेखाची मांडणी, गुरुवार, पान, असं काहीबाही बोललो. त्यांना ऐकू आलं की नाही कळलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही.

“त्यांनी येऊन तुम्हाला का सांगितलं नाही?” मी विचारलं.

“आले होते. शनिवारी. शब्द देऊन झाल्यावर. आधी का आला नाहीत म्हटलं, तर म्हणाले, पेपरवाले छापतो म्हणालेत, वाट बघत होतो. त्या कव्हरवाल्याने आपली जागा सोडलीय आता. दोन पोरं आहेत त्याला. माझा शब्द काही पेपरातला नाही, खुलासा काढून फिरवायला.”



२७ ऑक्टोबर, रविवार

खुलासा छापून आला. गुरुवारी स्वतः टेबलासमोर उभा राहून दिला. संपादकबाई म्हणाल्या, “लोकांनी कविता पाठवल्या सर, आता त्यांना सांगायचं की दुकान चालूच आहे?” मी म्हटलं, हो. सातव्या पानावर, पाणीकपातीच्या नोटिशीखाली आला:

‘पिशवी’ या स्तंभात उल्लेख आलेले बटणांचे दुकान सुरूच असल्याचे दुकानदार कळवतात.

पहिली बातमी छापली तेव्हा ती खोटी होती. आता दुकान खरोखरच जायचं ठरल्यावर खुलासा आला, म्हणजे तोही खोटाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी असं झालं असतं तर जुन्या संपादकांनी मला पायऱ्यांवरून खाली ढकललं असतं, आणि ते माझ्या भल्याचं झालं असतं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

गल्लीत गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, म्हणून गेलो.

काउंटरवर खुलाशाचं कात्रण टाचणीने लावलेलं.

“कळवतात,” बटणवाले म्हणाले. “चुकलात तुम्ही, आणि कळवतोय मी.”

“आमच्याकडे तसंच लिहायची पद्धत आहे.”

“असेल. आमच्याकडे चुकीचं बटण दिलं तर आम्ही परत घेतो. गिऱ्हाइकाचा शर्ट चुकला असं नाही म्हणत.”

तेवढ्यात आलेल्या एका माणसाने कात्रण वाचलं आणि हसून म्हणाला, “वा काका, माल खपवायची युक्ती चांगली होती.” बटणवाल्यांनी त्याला हवी ती चेन काढून दिली, उघडून-मिटून दाखवली. तो गेल्यावर चष्मा पुसत बसले. त्यांना रागवायला सवड मिळेल म्हणून मी थांबलो. रागावले नाहीत. चहा मागवला, आणि चहावालीने माझा कप ठेवताना जरा जोरातच ठेवला.

“शुक्रवारीच फोन केला असता तर,” मी म्हटलं.

“कुठल्या शुक्रवारी?”

“अकरा तारखेच्या.”

“हं,” ते म्हणाले. चहा प्याले. “मीही जिना चढून जायला हवं होतं मालकीणबाईंचा. पण म्हटलं छापून येतंय, मग कशाला. छापलेल्यावर माझा पहिल्यापासून विश्वास.”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

हिला ब्लाउजचे हुक हवे होते. खरं तर नको होते. “चला, मीही येते,” म्हणाली, आणि मी नाही म्हणायच्या आत चपला घातल्या.

बटणवाल्यांनी तिला हुक दिले, वर चार जास्त टाकले. मग काउंटरखालून एक कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. “हे घेऊन जा. नंतर कुठे गेलं तर तुम्ही परत छापाल.”

आत दोन बटणं. एक माझं, नमुन्याला दिलेलं: काळपट तपकिरी, शिंगाचं, चार भोकं, कडेला बारीक कंगोरा. दुसरं तसंच. वेगळं ओळखता येईना.

“कुठे मिळालं?” हिने विचारलं.

“माळ्यावर. हे यायचं बंद होऊन वीस वर्षं झाली. पण एक खोकं कुठेतरी आहे हे मला माहीत होतं. यांनी उन्हाळ्यात दिलं होतं, थंडीच्या आत काढून ठेवावं म्हटलं. सगळा माळा खाली घेतला तेव्हा मागच्या भिंतीला सापडलं.”

“कधी काढलंत?”

“गेल्या महिन्यात. हे आले होते त्याच दिवशी. हे गेले, आणि दहा मिनिटांनी सापडलं. हाक मारली होती मी. पण हे घाईत होते.”

बसस्टॉपवर ही म्हणाली, “पुडी नीट धरा. पडेल.”

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मालिका लिहीत नाही असं संपादकबाईंना सांगितलं. ‘पिशवी’ डिसेंबरअखेर थांबेल. जानेवारीत त्या जागी शब्दकोडं येईल, असं मांडणीवाल्याने सांगितलं. आडवे-उभे शब्द, उत्तरं पुढच्या रविवारी. चूक असली तर तिथे निदान चौकोन रिकामा राहतो.

घरी सांगितलं तेव्हा ही भाजी निवडत होती. “हे त्यांच्यासाठी केलंत की तुमच्यासाठी?”

मी म्हटलं, “त्यांना काय उपयोग?”

“तेच विचारतेय,” ती म्हणाली, आणि मला शेंगा सोलायला दिल्या.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गाळा उद्या रिकामा होतोय. बटणवाल्यांनी सांगितलं, मी समोर उभा राहून तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

खोकी एका घाऊकवाल्याने उचलली, वीस सोडून. ती वीस घेऊन ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांकडे जाताहेत. मास्तरांनी खिडकीजवळ जागा करून दिलीय, काज-बटणांचं काम करायला. सकाळी दहा ते सहा. “खुर्ची आहे तिथे,” बटणवाले म्हणाले. “तुम्ही लिहिलं होतं तशी.” त्यांनी तो लेख इतका नीट वाचला असेल असं मला वाटलं नव्हतं.

मालकीणबाईंच्या अभ्र्यांचं काय, हे मी विचारलं. “जातो की,” ते म्हणाले. “त्यांची काय चूक?”

पाटीचे स्क्रू गंजलेत. त्यांच्याच्याने निघत नाहीत, आणि माळ्यावर शेवटचं काय राहिलंय ते काढायला स्टूल धरणारं कुणीतरी हवं. मी येतो म्हटलं. “या,” ते म्हणाले. “लवकर या. आवरायचंय.”

काय आवरायचंय, हे या वेळी विचारावं लागलं नाही.

हातगाडी नऊला येईल. दहाला कव्हरवाला फळ्यांची मापं घ्यायला येणार आहे, त्याच्या आत पाटी उतरायला हवी. हिने पेचकस आणि तेलाची कुपी पिशवीत घालून ठेवली आहे. कोट खुंटीवर आहे, पुडी त्याच्या खिशात. सोमवारी सकाळी तो मास्तरांच्या दुकानात घेऊन जायचा आहे. खिडकीतल्या खुर्चीतलं पहिलं काम तेच, असं बटणवाल्यांनी सांगून ठेवलंय.